युद्धाविना वीर : लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या एका दीर्घकथेचे वाचन

१

लष्करी विज्ञानकथा हा प्रकार समीक्षेच्या दृष्टीने दुहेरी उपेक्षेचा धनी ठरला आहे. विज्ञानकथा म्हणून तो मुख्य प्रवाहाच्या कडेला राहिला आणि विज्ञानकथेच्या अभ्यासकांनीही त्याच्याकडे बहुधा रणगर्जनेचे वाङ्मय म्हणून पाहिले. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) आणि व्हिएतनाममध्ये लढलेल्या जो हॉल्डमन यांची 'द फॉरेव्हर वॉर' (१९७४) या दोन कादंबऱ्यांची चर्चा पुष्कळ झाली. पण ती मुख्यत्वे युद्धाचे समर्थन की युद्धाचा निषेध, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. त्यातून ज्या कलाकृती वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांचा भाग म्हणून लिहिल्या गेल्या, त्यांच्या वाट्याला तिसरी उपेक्षा आली. मालिकेतील कथा स्वयंपूर्ण नसते, ती वाचकाच्या सवयीवर जगते, म्हणून तिचे बारकाईने वाचन करण्याचे कारण नाही, अशी एक अनुच्चारित धारणा समीक्षाव्यवहारात दिसते.

या धारणेची परीक्षा घेण्यासाठी लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची 'द माउंटन्स ऑफ मोर्निंग' (शोकाचे डोंगर) ही दीर्घकथा योग्य ठरते. ती १९८९ साली 'अ‍ॅनालॉग' या मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'बॉर्डर्स ऑफ इन्फिनिटी' या पुस्तकात समाविष्ट झाली. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेच्या क्षेत्रातील दोन्ही मान्यवर पुरस्कार तिला मिळाले. १९८६ मध्ये 'शार्ड्स ऑफ ऑनर' या कादंबरीने सुरू झालेल्या व्होरकोसिगन मालिकेतील ही एक कथा. या मालिकेत अंतराळातील चढाया, भाडोत्री सैन्ये, हेरगिरी आणि राजकीय कारस्थाने यांची रेलचेल आहे. २०१७ साली उत्कृष्ट मालिकेसाठीचा ह्यूगो पुरस्कारही तिला मिळाला. प्रस्तुत कथेत मात्र एकही लढाई नाही. एक तरुण लष्करी अधिकारी घोड्यावर बसून एका डोंगराळ खेड्यात जातो, एका तान्ह्या मुलीच्या मृत्यूची चौकशी करतो, निवाडा देतो आणि परत फिरतो. युद्धमालिकेतील ही युद्धहीन कथा मालिकेच्या परिघावर नसून तिच्या मध्यवर्ती मूल्यविचाराचा पाया आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

कथेचा घटनाक्रम थोडक्यात असा. बॅरेयार हा ग्रह मानवी वसाहतीनंतर शतकानुशतके इतर जगांपासून तुटलेला होता. या एकाकीपणाच्या काळात जन्मजात व्यंगाविषयी कमालीची भीती तेथील समाजात रुजली. व्यंग असलेले अर्भक जन्मताच मारून टाकणे ही रीत झाली आणि ही रीत घरातल्या घरात पाळली जाई. बाह्य जगाशी पुन्हा संबंध आल्यावर कायदा बदलला; अर्भकहत्या हा खून ठरला. परंतु डेंडारी पर्वतातील सिल्व्ही व्हेलसारख्या दुर्गम वस्त्यांत कायद्याचा शब्द पोचला तरी त्याचा अर्थ पोचला नव्हता. तेथील हारा चुरिक या तरुण स्त्रीची मुलगी रायना दुभंगलेला ओठ घेऊन जन्मली आणि काही दिवसांतच मेली. हा खून आहे आणि तो आपल्या नवऱ्याने, लेमने, केला आहे, असा हाराचा संशय. गावात दाद लागत नाही, म्हणून ती चार दिवस पायपीट करून काउंट व्होरकोसिगन यांच्या दारात येते. काउंट स्वतः न जाता आपला मुलगा माइल्स याला आपला 'आवाज' म्हणून, म्हणजे न्यायदानाचे सर्व अधिकार देऊन, पाठवितात.

माइल्स वीस वर्षांचा आहे आणि नुकताच लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडला आहे. तो ठेंगणा आहे, त्याची हाडे ठिसूळ आहेत, पाठीला बाक आहे. तो आईच्या पोटात असताना तिच्यावर विषारी वायूचा हल्ला झाला आणि त्यावरील उताऱ्याने गर्भाच्या हाडांची हानी केली. त्याचे व्यंग आनुवंशिक नाही. परंतु पाहणाऱ्याला कारण दिसत नाही, देह दिसतो. ज्या भीतीने रायनाचा बळी घेतला, त्या भीतीचे चालतेबोलते लक्ष्य न्यायाधीश म्हणून गावात येते. काउंटने मुलाची निवड करण्यामागे हाच हेतू आहे, हे वाचकाला आणि हळूहळू माइल्सलाही उमगत जाते.

चौकशी सुरू होते. पुरलेले प्रेत उकरून डॉक्टर तपासतो; मान मोडलेली आढळते. लेम गायब असतो आणि गाव त्याला पाठीशी घालते. रात्री तंबूवर पेटता पलिता फेकला जातो, माइल्सच्या आवडत्या घोड्याच्या गळ्यावर सुरी चालविली जाते. अखेर लेम आपण होऊन हजर होतो आणि निर्दोष ठरतो. खुनी निघते ती हाराची आई, मारा मट्टुलिच.

३

रहस्यकथेच्या संरचनेचा विचार करताना त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी दोन कथांचे तत्त्व मांडले होते. गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा या दोहोंनी रहस्यकथा बनते. पहिली अनुपस्थित असते आणि दुसरी तिला क्रमाक्रमाने उपस्थित करते. प्रस्तुत कथा वरवर पाहता याच साच्यात बसते. प्रेत, संशयित, खोटा माग आणि अनपेक्षित अपराधी हे सारे घटक तिच्यात आहेत. परंतु लेखिकेने या साच्यात एक वस्तू अशी ठेवली आहे, की तिच्यामुळे साचा आतून मोडतो. ती वस्तू म्हणजे फास्ट-पेंटा हे औषध. ते टोचले की माणूस विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. उलटतपासणी, पुराव्यांची साखळी, तर्काची करामत यांची गरजच उरत नाही. गुप्तहेराचे सारे वैभव ज्या बौद्धिक अडथळ्यावर उभे असते, तो अडथळाच येथे दूर झालेला आहे.

डार्को सुव्हिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर फास्ट-पेंटा हे या कथेतील 'नवतत्त्व' आहे. वाचकाच्या परिचित जगात नसलेली आणि कथेच्या जगाचे तर्कशास्त्र ठरविणारी वस्तू, ही सुव्हिन यांची नवतत्त्वाची कल्पना (१९७९). सामान्यतः विज्ञानकथा नवतत्त्वाची शक्ती दाखविण्यात रमते. बुजोल्ड यांनी या नवतत्त्वाची शक्ती गृहीत धरून त्याची मर्यादा दाखविली आहे, आणि ती दोन ठिकाणी. पहिली मर्यादा औषध टोचण्याआधीची. ज्याला औषध टोचायचे तो माणूसच हाती लागत नाही, कारण गाव मुके आहे. हे मौन तंत्रज्ञानाने फुटत नाही. गावप्रमुख कॅराल याच्या घरी राहून, तेथील पोरांशी बोलून, आपण लेमला फासावर चढवायला आलेलो नसून खरे काय ते शोधायला आलो आहोत, एवढा भरवसा माइल्सने गावात निर्माण केल्यावरच लेम पुढे येतो. सत्य सांगणारे औषध पेटीत तयार आहे. सत्यापर्यंत जाण्याची वाट मात्र विश्वासाच्या जुन्याच पायवाटेने जाते.

दुसरी मर्यादा औषध टोचल्यानंतरची आणि अधिक मूलगामी आहे. माराने खून केला हे कळते. तोदोरोव्ह यांच्या अर्थाने रहस्यकथा येथे संपायला हवी. बुजोल्ड यांची कथा मात्र या बिंदूपाशी खरी जड होते. सत्य स्वस्त झाले तरी न्याय स्वस्त होत नाही. उलट संशयाचा फायदा देण्याची, पुरावा अपुरा असल्याचे सांगून निवाड्यातून सुटण्याची सोय आता न्यायाधीशालाही उरलेली नाही. गुन्ह्याची आणि तपासाची अशा दोन कथांना येथे निवाड्याची तिसरी कथा येऊन मिळते आणि पहिल्या दोन तिच्या प्रस्तावना ठरतात. विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, असा हिशेब मराठी समीक्षेत जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांच्या पिढीच्या लेखनासंदर्भात वारंवार मांडला गेला. प्रस्तुत कथेपुढे हा हिशेब अपुरा वाटतो. तिच्यातील विज्ञान प्रमाणाने अल्प आहे; परंतु ते काढून घेतले तर कथेचा नैतिक प्रश्नच उभा राहत नाही.

४

तो प्रश्न असा. कायद्याने माराला मृत्युदंड आहे. पण मारा आपल्या दृष्टीने अपराधी नाही. तिच्या पिढीने जे कर्तव्य म्हणून केले, जे करताना मन घट्ट करावे लागले, तेच तिने केले. आणि आज अचानक तेच कृत्य खून ठरले. तिचा संताप माइल्सच्या देहावर फुटतो. तिच्या लेखी ज्याला जगू द्यायला नको होते तोच आज तिचा न्याय करायला बसला आहे. रीत चुकीची म्हणावी, तर तिने आयुष्यभर ज्या गोष्टींचा भार वाहिला त्या सर्वांचा अर्थच नाहीसा होतो. लेखिकेने या म्हातारीला दयनीय केलेले नाही आणि राक्षसीही केलेले नाही. ती कठोर आहे, धूर्त आहे आणि आपल्या जगाशी प्रामाणिक आहे. यामुळेच निवाडा अवघड होतो.

माइल्सपुढे एक सोपी वाट आहे. आपले व्यंग आनुवंशिक नाही, हे ठासून सांगून तो मारापासून स्वतःला वेगळे काढू शकतो. परंतु असे सांगणे म्हणजे ज्यांचे व्यंग आनुवंशिक असेल त्यांच्याविषयीची भीती योग्यच आहे, हे मान्य करणे. रायनाच्या ओठाचीही हीच गोष्ट. शस्त्रक्रियेने तो सहज सांधता आला असता, म्हणून तिला मारणे चूक, हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. जे सांधता येणार नाही त्याचे काय, हा प्रश्न तो मागे ठेवतो. म्हणून व्यंगाच्या कारणापाशी किंवा उपचारापाशी थांबणारा बचाव या खटल्याला पेलत नाही, आणि कथेचा रोखही रायनाच्या बिनशर्त हक्काकडेच राहतो.

निवाडा दुहेरी आहे. माइल्स माराला मृत्युदंड फर्मावतो आणि त्याची अंमलबजावणी बेमुदत स्थगित करतो. कायद्याच्या दृष्टीने ती मृत ठरते; तिच्या मालकीचे काही उरत नाही, तिच्या शब्दाला किंमत उरत नाही. या निवाड्यात दया आहे, पण सूट नाही. कायद्याचा शब्द पूर्ण ठेवून देह वाचविला आहे. जुन्या रीतीने व्यंग असलेल्या देहाला जगण्यातून वगळले होते. नवा निवाडा रीतीलाच अधिकारातून वगळतो आणि ती रीत जपणाऱ्या देहाला जगू देतो. दोन कृत्यांमधील हा व्यत्यास कथेच्या रचनेतच आहे. निवेदन त्याकडे बोट दाखवत नाही. निवाड्याचा दुसरा भाग हाराशी संबंधित आहे. तिने हॅसाडार या शहरात जाऊन शिक्षिकेचे शिक्षण घ्यावे आणि परत येऊन गावात शाळा चालवावी, अशी व्यवस्था माइल्स करतो. भूतकाळाचा न्याय आणि भविष्याची तरतूद या दोन्हींशिवाय निवाडा पूर्ण होत नाही, ही जाणीव येथे आहे.

भारतीय काव्यशास्त्राने वीररसाची विभागणी केवळ युद्धावर थांबविली नाही, याचे स्मरण या संदर्भात उपयुक्त ठरते. भरताने युद्धवीराबरोबर दानवीर आणि धर्मवीर सांगितले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यांत दयावीराची भर घातली आणि युधिष्ठिर व जीमूतवाहन ही अनुक्रमे धर्मवीराची आणि दयावीराची उदाहरणे दिली. सर्वांचा स्थायीभाव उत्साहच. लष्करी विज्ञानकथेचा वाचक युद्धवीराची अपेक्षा घेऊन येतो. बुजोल्ड यांनी त्याच नायकाला, त्याच उत्साहासह, धर्मवीर आणि दयावीर यांच्या भूमिकेत उभे केले आहे. युद्धवीराला शत्रू समोर असतो. या कथेतील वीराला शत्रू म्हणून एक वृद्ध स्त्री मिळते आणि तिच्याशी लढता येत नाही. तिच्याविषयी निर्णय घ्यावा लागतो. कथेअखेरीस रायनाच्या थडग्यापाशी माइल्सला आपण कोणाची चाकरी करतो याचे उत्तर मिळते. सम्राट, पिता, सैन्य ही उत्तरे मागे पडतात आणि जिला एक आठवडाही धड जगता आले नाही अशी एक मुलगी त्या जागी येते. उत्साह हा स्थायीभाव येथे शोकाच्या संगतीने पुष्ट होतो. कथेच्या शीर्षकातील शोक तो हाच.

५

येथे मालिकेचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. कथा स्वतंत्रपणे वाचली तरी पूर्ण आहे. मालिकेच्या संदर्भात वाचली की तिच्यात आणखी काही अर्थ दिसू लागतात. 'द वॉरियर्स अ‍ॅप्रेंटिस' (१९८६) या कादंबरीत सतरा वर्षांचा माइल्स योगायोगाने एका भाडोत्री आरमाराचा प्रमुख होतो आणि त्याला डेंडारी हे नाव देतो. मालिकेतील बहुतेक पराक्रम या आरमाराच्या नावावर जमा आहेत. 'शोकाचे डोंगर' वाचकाला त्या नावाच्या मूळ जागी घेऊन जाते. ताऱ्यांमध्ये गाजणारे नाव ज्या डोंगरांचे आहे, तेथे वीज नाही, शाळा नाही आणि दुभंगलेल्या ओठाच्या मुलीला जागा नाही. पराक्रमाच्या नावामागे हे देणे आहे, हे एकदा कळल्यावर पुढील सर्व विजय वेगळ्या प्रकाशात वाचावे लागतात.

दुसरा संदर्भ अधिक अस्वस्थ करणारा आहे. 'बॅरेयार' (१९९१) या कादंबरीत माइल्सच्या जन्मापूर्वीची हकीकत सविस्तर येते. त्याचे आजोबा जनरल पिओतर यांनी या गर्भाचा नाश व्हावा म्हणून आपले सारे बळ लावले होते. प्रस्तुत कथा त्याआधी दोन वर्षे प्रसिद्ध झाली असली तरी आजच्या वाचकाला ही जोडणी टाळता येत नाही. मारा आणि पिओतर एकाच भीतीची दोन रूपे आहेत. एक झोपडीत, दुसरे वाड्यात. आजोबा पुढे नातवाला स्वीकारतात, त्याला घोड्यावर बसायला शिकवितात आणि सन्मानाने मरतात. ज्या घोड्याच्या गळ्यावर सुरी फिरते, तो याच आजोबांच्या तबेल्यातला. माराला मात्र जिवंतपणी मृत ठरविले जाते. पिओतरचा प्रयत्न फसला आणि माराचा साधला, एवढाच फरक मानावा, की वाड्याला पश्चात्तापासाठी अवधी मिळतो आणि झोपडीला मिळत नाही, असे म्हणावे? कथा या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तृतीयपुरुषी निवेदन सतत माइल्सच्या दृष्टीला बांधलेले असल्याने माराचे अंतरंग आणि गावाचे आपापसांतले बोलणे वाचकाला मिळत नाही. ज्यांचा न्याय होतो त्यांची बाजू न्यायाधीशाच्या डोळ्यांनीच दिसते.

याला जोडूनच सरंजामी चौकटीचा आक्षेप येतो. हारा काउंटच्या दाराशी येते, काउंटचा मुलगा गावी जातो, तोच शिक्षा देतो, तोच शाळा देतो. सुधारणा वरून येते आणि ती एका चांगल्या धन्याच्या चांगुलपणावर अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या कथेने न्यायासाठी सरंजामी वाड्याचा आश्रय घ्यावा, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. तरीही दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. पहिली, कथेला गती देणारी कृती हाराची आहे. धन्याने अन्याय शोधून काढलेला नाही. एका अनवाणी स्त्रीने पहारेकऱ्याशी झगडून कायद्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली आहे. दुसरी, माइल्सने दिलेली देणगी अशी आहे, की ती देणाऱ्याची गरज पुढे कमी करत जाते. घोडा, मोहरा किंवा धान्य देणारा धनी पुन्हा पुन्हा लागतो; शाळेचे तसे नसते.

या दुसऱ्या मुद्द्याची साक्ष 'मेमरी' (१९९६) ही कादंबरी देते. खोटा अहवाल दिल्याबद्दल सैन्यातून बाहेर पडावे लागलेला माइल्स त्या कादंबरीत सिल्व्ही व्हेलला परततो. रायनाच्या थडग्यापाशी धूप जाळावा अशी त्याची इच्छा असते. पण ती दफनभूमी नव्या जलाशयाखाली गेलेली असते. गावात वीज आली आहे, हारा शाळा चालवीत आहे आणि या वेळी सांत्वनाची गरज धन्याला आहे, ते देणारी हारा आहे. जिच्या नावाने चाकरीची शपथ घेतली तिची खूणही पाण्याखाली गेली, आणि ती खूण बुडविणारे पाणी गावाच्या प्रगतीचे आहे. १९८९ च्या कथेतील न्यायाधीश आणि फिर्यादी यांचे नाते येथे जवळजवळ उलटे झाले आहे. पुढे 'द फ्लॉवर्स ऑफ व्हॅश्नॉय' (२०१८) या दीर्घकथेत किरणोत्सारी पडीक भागात टाकून दिलेली मुले आढळतात आणि रायनाचा प्रश्न शाळेने आणि विजेने संपलेला नाही, हे लेखिका जवळपास तीस वर्षांनंतर पुन्हा मांडते.

मालिकेतील कथा वाचकाच्या सवयीवर जगते, हे विधान म्हणून अर्धेच खरे ठरते. मालिका लेखकाला एक अशी सोय देते, जी सुट्या कथेला मिळत नाही : दिलेला निवाडा काळाच्या ओघात तपासून पाहण्याची. माराचा निवाडा योग्य होता की नाही, हे कथेच्या शेवटी ठरत नाही. पुढच्या पुस्तकांत हारा काय करते, गाव काय होते आणि कोणती मुले अजून टाकली जातात, यावरून ते पुन्हा पुन्हा ठरवावे लागते. पिओतर आणि मारा यांच्या पारड्यांतील फरकाचे उत्तर मात्र या साऱ्या पुस्तकांतही मिळत नाही. तो फरक वाचकाने विसरू नये म्हणून माइल्स त्या डोंगरात आजोबांच्या घोड्यावर बसून जातो, असे म्हणता येईल.